दिव्याभोवतीचं खळं

शेजारच्या कारखान्यातून पहिली तक्रार आली ती वासाची होती. तुमच्या शेडमधून मासळीचा वास येतो, आमची माणसं डबा उघडू शकत नाहीत, असं तिथला मॅनेजर सांगून गेला. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत वासाची तक्रार करायला धाडसच लागतं. तिथे प्रत्येक गल्लीला स्वतःचा वास आहे आणि कुठला वास कुणाचा हे वारा ठरवतो. पण सडकी अंडी, व्हिनेगर, जळकं रबर हे सगळं सोसणाऱ्या त्या माणसांना मासळी सोसली नाही. आमच्या शेठनी वाद घातला नाही. त्यांनी त्या बाजूचं शटर खाली ओढून घेतलं. त्याच भिंतीतला हवा बाहेर फेकणारा पंखा आधीच बंद पडला होता. तो दुरुस्त केला असता तर वास पुन्हा तिकडेच गेला असता, म्हणून तो तसाच राहिला. हिवाळा तोंडावर होता. शेड उबदार झाली, याचं आम्हाला बरंच वाटलं.

वास मासळीचा नव्हता, मॉर्फोलिनचा होता.

मी त्या कारखान्यात केमिस्ट आहे. बॉयलरच्या पाण्यात घालायची औषधं आम्ही बनवतो. औषध हा आमच्या धंद्यातला शब्द. ती माणसांसाठी नसतात, लोखंडासाठी असतात. बॉयलरमधून वाफ निघते, कारखानाभर फिरते, काम करून थंड होते आणि पाणी होऊन परतीच्या पाइपातून पुन्हा बॉयलरकडे येते. या परतीच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पाणी आंबट होतं आणि पाइपाला तळातून खात जातं. मी कापलेले पाइप पाहिले आहेत. वरची बाजू चांगली धडधाकट, आणि तळाला नखाने ओरखडावं तशी लांबच लांब चर. चरीच्या शेवटी भोक. बाकीची औषधं बॉयलरमध्येच राहतात, त्यांचा या पाइपांना उपयोग नाही. मॉर्फोलिन मात्र वाफेबरोबर उडतं, तिच्याबरोबर हिंडतं आणि ती जिथे पाणी होते तिथे तिच्याबरोबर उतरून आंबटपणा मारून टाकतं. मला हे रसायन पहिल्यापासून आवडत आलं आहे. त्याला कुठे जायचं ते सांगावं लागत नाही.

त्याचे दोषही मला पाठ होते. ते पेट घेतं. कातडीवर पडलं तर भाजतं. नायट्राइटशी गाठ पडली तर त्यातून कॅन्सर करणारा पदार्थ तयार होतो, म्हणून त्या दोघांचे ड्रम आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो. एकदा खमण बनवणारे एक गृहस्थ आले होते. त्यांचे वाफेचे पाइप गळायला लागले होते आणि कुणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. वाफ कुठे वापरता, असं मी विचारलं तर म्हणाले, थेट खमणाच्या थाळ्यांवर. मी म्हटलं, मग हे औषध तुम्हाला देता येणार नाही, ते वाफेबरोबर खमणात जाईल. 

"तो पछी मारा पाइपनुं शुं?" त्यांनी विचारलं. मग माझ्या पाइपांचं काय?

मी म्हटलं, स्टेनलेस स्टीलचे घाला. ते नाराज होऊन गेले. 

म्हणजे पाइपांचं, खमणाचं, कातडीचं सगळं मला माहीत होतं. डोळ्यांचं एवढंच ठाऊक होतं की थेंब उडाला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा गॉगल घालायचा. तो आम्ही घालत होतो.

शटर बंद झाल्यावर काही आठवड्यांनी, एका संध्याकाळी मी स्कूटरवरून घरी निघाले होते. नंदेसरी ते मांजलपूर म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. छाणी मागे टाकून मी फतेगंजच्या पुलावर चढले आणि समोरच्या सगळ्या दिव्यांना खळं पडलेलं दिसलं. चंद्राला पडतं तसं. प्रत्येक दिव्याभोवती निळसर करडं वर्तुळ, त्याच्या बाहेरच्या कडेला पुसट तांबूस रेघ. समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे तर एकमेकांच्या वर्तुळांत शिरत होते. धुकं असेल म्हणून मी हेल्मेटची काच पुसली, मग काच वर केली. दिवे तसेच. डोळा दुखत नव्हता, चुरचुरत नव्हता, पाणीही येत नव्हतं. पुलाच्या डाव्या कडेने हळूहळू खाली उतरले आणि बाकीचा रस्ता रिक्षाच्या मागे मागे काढला. झोपायच्या वेळेपर्यंत सगळं निवळलं. सकाळी तर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या कुणाला हे दिसलं असतं तर तो चष्म्याच्या दुकानात गेला असता. मी गेले नाही, कारण मला ही गोष्ट आधीपासून माहीत होती. आमच्या घरात ती घडून गेली होती.

माझे बाबा आंधळे आहेत. ते रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. आई गेल्यापासून मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो. माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत. बाबांची नजर एका दिवसात गेली नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांना यार्डातल्या दिव्यांभोवती खळं दिसायला लागलं. कधी दिसे, कधी नसे. डोकं ठणके, मग थोडा वेळ पडलं की उतरे. त्यांनी आधी ट्यूबलाइटला दोष दिला, मग व्होल्टेजला, मग वयाला. कुणाला काही सांगितलं नाही. एके दिवशी एका डोळ्यात भयंकर कळ आली आणि त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो डोळा गेला. दुसरा वाचवायचे सगळे प्रयत्न झाले, तोही हळूहळू गेला. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो, मुलीने डोळे तपासत राहावं, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. मी दोन-तीनदा तपासून घेतले आणि मग सोडून दिलं.

त्यामुळे पुलावर मला खळं दिसलं तेव्हा मनात शंका आलीच नाही. माझी पाळी आली, एवढंच वाटलं. मी घाबरले होते असंही म्हणता येणार नाही. रेल्वेच्या फलाटावर आपल्या गाडीची घोषणा झाल्यावर माणूस सामान उचलायला वाकतो, तसं काहीतरी होतं ते.

पुढचे आठवडे ते येत-जात राहिलं. काही संध्याकाळी दिसे, काही संध्याकाळी नसे, रविवारी कधीच नसे. रविवारचं तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. सुट्टीच्या दिवशी आराम मिळतो म्हणून दिसत नसेल, असं मी धरून चालले. मी स्कूटर सोडून कारखान्याच्या बसने जाऊ लागले आणि थंडी बाधते म्हणून सांगितलं. घरी आल्यावर दिवा लावावासा वाटत नसे. लावला तर तो आपलं वर्तुळ घेऊन खोलीभर पसरे. मी अंधारातच हात-पाय धुवून बाबांच्या शेजारी बसे. रेडिओ चालू असे. अंधारात बसलेली दोन माणसं, त्यातल्या एकाला तो दिसत नाही, मग कुणाला कळणार, असा माझा हिशेब होता.

एका संध्याकाळी बाबांनी रेडिओ बंद केला.

"तू आल्यावर बटण दाबत नाहीस," ते म्हणाले.

"कसलं बटण?"

"दिव्याचं. पूर्वी चप्पल काढली की पहिला आवाज बटणाचा यायचा. आता येत नाही. मघाशी स्टुलाला ठेचकाळलीस. माझ्या घरात स्टुलाला ठेचकाळणारा मी एकटाच असायला हवा."

मी सांगून टाकलं. दिव्यांना खळं दिसतं, थोड्या वेळाने जातं, सकाळी काही नसतं. बाबा माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. मग त्यांनी विचारलं, "डोकं दुखतं का?"

"नाही."

"माझं दुखायचं."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे? मी सांगितलं ते माहीत आहे. सांगितलं नाही ते कसं माहीत असेल?" त्यांचा आवाज चढला होता, जो सहसा चढत नाही. "मी गप्प बसलो कारण मला वाटलं, तपासलं तर खरं ठरेल. तू तसं करू नकोस. उद्या जा. मी येतो बरोबर."

उद्या जमलं नाही, रविवारी सकाळी गेलो. फतेगंजमध्ये एक मराठी डॉक्टरीणबाई आहेत, त्या सुट्टीच्या दिवशीही थोडा वेळ बसतात. त्यांनी दाब मोजला, पडदा पाहिला, मग डोळ्याला एक भिंग टेकवून आतला कोन पाहिला. बाबा बाजूच्या खुर्चीवर ताठ बसून त्यांच्या प्रत्येक हुंकाराकडे कान लावून होते.

"दाब नॉर्मल आहे," बाई म्हणाल्या. "नसही चांगली आहे. पण कोन अरुंद आहे. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा. वडिलांनाही तेच होतं ना?"

बाबांनी मान हलवली.

"मग ही खळी दिसतात तेव्हा तो कोन थोडा वेळ बंद होत असणार. दाब वाढत असेल आणि आपोआप उतरत असेल. लेझरने बुबुळाला एक बारीक छिद्र पाडून घेऊ, म्हणजे पाण्याला वाट राहील. फार दिवस थांबू नका. आणि खळं दिसत असेल तेव्हाच, त्याच वेळी, माझ्याकडे येता आलं तर बघा."

जमलं नाही. माझी बस त्यांच्या दवाखान्यावरून जायची ती वेळ त्यांच्या बंद व्हायच्या वेळेच्या जरा पुढची होती. लेझरची तारीख ठरली.

तारीख येईपर्यंत मी बाबांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. शिकाऊ माणसाच्या नजरेने. दूध वर येतंय हे ते भांड्याच्या आवाजावरून ओळखतात. आवाज आधी बारीक होतो, मग एकदम बंद होतो. शर्ट ओळखतात बटणांवरून. कपात चहा ओतताना बोटाचं पेर आत ठेवतात. मी डोळे मिटून साखरेचा डबा काढून बघितला. डाळीचा निघाला. मला वाटलं, या वयात शिकायला जड जाईल, पण शिकवणारा घरात आहे. आणि मग वाटलं, तो किती दिवस असेल. असे विचार मी भाजी चिरताना, बसमध्ये, कुठेही करत असे. रडू आलं नाही. कारखान्यात कुणाला काही बोलले नाही. केमिस्टचे डोळे जातायत हे शेठना कशाला कळायला हवं, असा त्यामागे विचार होता.

मग ती चहाची संध्याकाळ आली. त्या दिवशी आमचं मॉर्फोलिनचं औषध बनलं होतं. ड्रम फोडून बादलीने टाकीत ओतायचं, पाणी घालायचं, ढवळायचं, कॅनमध्ये भरायचं. आमचे जुने ऑपरेटर काका टाकीवर होते, पॅकिंगवाली बेन कॅन भरत होती, मी दर थोड्या वेळाने नमुना घ्यायला त्यांच्यात उभी राहत होते. सुटल्यावर बसला वेळ होता, म्हणून आम्ही तिघं आणि ऑफिसात बसणारे अकाउंटंट, असे गेटबाहेरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चहाला थांबलो. अंधार पडला होता. लारीवाल्याने बल्ब लावला आणि मी सवयीने मान दुसरीकडे वळवली.

काकांनी चहा घेतला तो बिनसाखरेचा. 

"मोळी चा?" मी विचारलं. फिका चहा? काकांचा चहा म्हणजे पाकच असायचा. 

"डायाबिटिस थयो छे, बेन," ते म्हणाले. 

"रिपोर्ट आला?"

"रिपोर्टनी शुं जरूर? खबर पडी जाय." रिपोर्टची काय गरज, कळतंच. मग आवाज खाली आणून, अकाउंटंटला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी सांगितलं की संध्याकाळी दिव्याच्या आजूबाजूला कुंडाळुं दिसतं. त्यांच्या सोसायटीत एकाला साखरेमुळे डोळ्यांचं असंच काहीतरी झालं होतं. तेव्हापासून त्यांनी गोड सोडलं होतं. भाचीच्या लग्नात जिलबीला हात लावला नव्हता.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "कसं कुंडाळुं? रंग कसा?"

"भूरुं," ते म्हणाले. निळं. 

पॅकिंगवाली बेन आमच्याकडे पाठ करून उभी होती. ती वळली. "मने पण देखाय छे," ती म्हणाली. मलाही दिसतं. "अत्यारे पण." आत्तासुद्धा.

तिघांनी लारीच्या बल्बकडे पाहिलं. अकाउंटंटही पाहू लागले. 

"काय आहे तिथे?" त्यांनी विचारलं. 

"तुम्हाला बल्बभोवती काही दिसत नाही?" 

"डास आहेत." 

बेनची हकीकत अशी होती की तिला पहिल्यांदा ते देवापुढच्या दिव्याभोवती दिसलं. तिला वाटलं माताजी प्रसन्न झाली. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला कुणाला सांगू नकोस, सांगितलं की जातं. मग ते रस्त्यावरच्या दिव्यांना, समोरच्या पानाच्या टपरीला, सासूच्या मोबाइललाही दिसायला लागलं, तेव्हा तिला थोडी शंका आली. पण देवापुढे ती रोज जास्त वेळ बसत होती. 

"आणि रविवारी?" मी विचारलं. 

दोघं विचारात पडली. रविवारी नाही. काल? काल नाही. काल आम्ही दुसरं औषध बनवत होतो. 

काकांना सगळ्यात आधी समजलं ते वेगळंच. "एटले मने डायाबिटिस नथी?" म्हणजे मला मधुमेह नाही? मग ते एकदम भडकले. लग्नाचा अख्खा मोसम गेला होता. त्यांनी लारीवाल्याला हाक मारून चहात साखर टाकायला लावली आणि तो चहा आमच्याकडे न बघता प्यायले. 

 आनंद झाला असं लिहायला हवं, पण पहिल्यांदा मला लाज वाटल्यासारखं झालं. इतके आठवडे मी माझ्या आंधळेपणाची व्यवस्था लावत होते, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर एक माणूस साखर सोडून बसला होता आणि एक बाई देवाचे आभार मानत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांच्याकडून आम्ही मॉर्फोलिन घेतो त्यांच्या तांत्रिक विभागातल्या माणसाला मी फोन केला. लक्षणं सांगितली. 

"हां, होता है," तो म्हणाला. पाऊस पडतो असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. "शाम को ना? सुबह तक ठीक हो जाता है."

त्याने समजावून सांगितलं. मॉर्फोलिनची वाफ फार नसली तरी तासन् तास डोळ्यांवर राहिली की डोळ्याची पुढची पारदर्शक काच थोडी फुगते, तिच्यात पाणी भरतं. प्रकाश त्यातून जाताना विखुरतो आणि दिव्याला खळं दिसतं. दुखत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. मोकळ्या हवेत काही तास गेले की सूज उतरते. कायमचं नुकसान सहसा होत नाही. पण त्याच अवस्थेत गाडी चालवणाऱ्यांचं काय होतं ते मात्र सांगता येत नाही, असं म्हणून त्याने विचारलं, "आपका एक्झॉस्ट चालू है?"

मी म्हटलं, नाही.

शेठ वाईट माणूस नाहीत. ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर अविश्वास होता. आजवर कुणी तक्रार केली नव्हती. हेही खरंच होतं. "मी आज स्वतः उभा राहतो," ते म्हणाले. मी नको म्हटलं. हे काही बघायचं नाटक नाही, दोष माहीत असताना मुद्दाम कुणी वाफेत का थांबावं? त्यांनी ऐकलं नाही. काका आणि बेन दोघांना त्यांनी बाहेर पाठवलं आणि दुपारभर टाकीजवळ खुर्ची टाकून बसले. मध्ये मध्ये मला लॅबच्या काचेपलीकडून हात करून सांगत, काही होत नाही. निघताना मी ड्रायव्हरला बजावलं, आज गाडी साहेबांच्या हातात देऊ नकोस. त्यांना स्वतः चालवायची हौस आहे.

ड्रायव्हरने नंतर सांगितलं ते असं. हायवेला लागेपर्यंत शेठ फोनवर बोलत होते. मग त्यांनी फोन खाली ठेवला, समोरून येणाऱ्या ट्रककडे पाहिलं आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरून ते हायवेच्या दिव्यांकडे बघत राहिले. चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आ लोको रोज आम घरे जाय छे?" ही माणसं रोज अशी घरी जातात?

सकाळी ते आले तेव्हा शटर स्वतःच्या हाताने वर केलं. शेजारचा मॅनेजर जेवणाच्या वेळेआधीच हजर झाला. दोघांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. ते औषध बनवणं थांबलं. बादली गेली, ड्रमपासून टाकीपर्यंत बंद पाइप आला, टाकीला झाकण बसलं. झाकणावरची हवा ओढून घेऊन आम्लाच्या पाण्याने धुऊन मगच बाहेर सोडायची सोय झाली. बऱ्याच दिवसांनी पुन्हा औषध बनलं, त्या संध्याकाळी आम्ही सगळे गेटबाहेर उभे राहून बल्बकडे बघत होतो. अकाउंटंटही आले होते, निदान यावेळी आपल्याला काही दिसेल म्हणून. कुणालाच काही दिसलं नाही. बेन थोडी उदास वाटली, पण ते माझ्या मनाचं असेल. 

काकांनी तरीही रक्त तपासलं. साखर नव्हती. डोळेही तपासले, तर एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला, ज्याचा या कशाशीही संबंध नव्हता. ते त्यांनी अपमान झाल्यासारखं सांगितलं.

घरी बाबांना मी त्याच चहाच्या संध्याकाळी, लारीवरून आल्या आल्या सांगितलं होतं. चप्पल काढली, बटण दाबलं, दिवा आपल्या वर्तुळासकट लागला, आणि मी त्याच्याखाली उभी राहून सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. रडतील असं वाटलं, पण ते बारकावे विचारायला लागले. वर्तुळ दिव्याला चिकटून असतं की लांब? कडेला कुठला रंग? दोन दिवे शेजारी असले तर काय होतं? मी दिव्याकडे बघून बघून उत्तरं देत होते. 

"माझं असं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "माझ्यात सगळे रंग होते. पावसाळ्यात धनुष्य दिसतं तसे. मला ते आवडायचं. हे मी तुझ्या आईलाही कधी बोललो नाही. रात्रपाळीत यार्डात उभा राहून बघायचो." थोड्या वेळाने म्हणाले, "पण लेझर करून घे. कोन अरुंद आहे तो काही तुमच्या औषधाने झालेला नाही." 

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. माझी हकीकत त्यांनी दोनदा ऐकली. त्यांच्याकडे नंदेसरीहून कितीतरी लोक येतात. आता त्या प्रत्येकाला विचारणार होत्या, काय काम करता, कुठे उभे राहता. खळ्याचं कारण मॉर्फोलिन होतं हे त्यांना पटलं. पण कोन अरुंद होताच, वडिलांचा इतिहास होता, आणि खळं दिसलं नसतं तर मी आणखी किती वर्षं तपासायला आले नसते, हे त्यांनी मला विचारलं. मी लेझरची तारीख पक्की करून घेतली.

लेझरला बाबा बरोबर आले. काम लवकर आटपलं. डोळ्याशी हिरवी चमक झाली, टिचकी मारल्यासारखं झालं, दुसऱ्या डोळ्यालाही तसंच. थोडा वेळ बसवून दाब मोजला आणि जायला सांगितलं. औषधाच्या थेंबांनी डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या होत्या, भर दुपारी जग मावळल्यासारखं दिसत होतं. जिन्यावर मी थांबले. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे उभे होते, नेहमीसारखे. 

"काय झालं?" 

"पायऱ्यांच्या कडा नीट दिसत नाहीत." 

"कडा बघायच्या नाहीत," ते म्हणाले. "टाच मागे लागू दे, मग पुढचा पाय सोड. चल." 

आम्ही तसे उतरलो. खाली रस्त्यावर सेव-उसळीचं दुकान होतं आणि बाबांना त्याचा वास जिन्यातच लागला असणार, कारण त्यांनी रिक्षा थांबवू दिली नाही. डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. आम्ही बाकावर बसलो. मी दुकानदाराला सांगितलं, दोन प्लेट, तर्री कमी. 

"तिच्यात कमी, माझ्यात नाही," बाबा म्हणाले. "मारामां बराबर नाखजे."